डेव्हिड क्रॉकेट: शेतकरी, मिलिशियाचा कर्नल आणि काँग्रेसचा सभासद (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

डेव्हिड क्रॉकेट नेमका कोण होता?

अमेरिकेतल्या टेनेसी राज्याचा एक गरीब शेतकरी. जन्म १७ ऑगस्ट १७८६, नोलिचकी नदीला लाइमस्टोन ओढा मिळतो तिथला. मृत्यू ६ मार्च १८३६, टेक्सासमधल्या अलामो गढीच्या लढाईत. मधल्या पन्नास वर्षांत तो मजूर, कुळ, शिकारी, जस्टिस ऑफ द पीस (स्थानिक न्यायाधीश), मिलिशियाचा लेफ्टनंट कर्नल, दोनदा राज्याच्या विधिमंडळाचा आणि तीनदा अमेरिकी काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा, सभासद झाला. लोकांच्या डोळ्यांसमोर येतो तो कातडी टोपीवाला, अस्वलं मारणारा ‘डेव्ही’. स्वतः तो कायम ‘डेव्हिड’ अशीच सही करत असे. त्याचं राजकारण समजून घ्यायचं तर बंदूक बाजूला ठेवून जमिनीच्या कागदांकडे पाहायला हवं.

लहानपण कसं गेलं?

वडील जॉन क्रॉकेट यांची पाणचक्की पुरात वाहून गेली. मग त्यांनी नॉक्सव्हिल आणि व्हर्जिनियातलं ॲबिंग्डन यांमधल्या रस्त्यावर गाडीवानांसाठी खानावळवजा सराई काढली. घरात नऊ मुलं, डेव्हिड पाचवा. बाराव्या वर्षी वडिलांनी त्याला गुरं हाकायला एका अनोळखी माणसाबरोबर थेट व्हर्जिनियाला धाडलं. परतताना तो बर्फातून चालत आला. तेराव्या वर्षी शाळेत घातलं. चौथ्या दिवशी मारामारी झाली, मास्तरांच्या भीतीने दांड्या सुरू झाल्या, वडिलांनी छडी उचलली आणि पोरगं जे पळालं ते अडीच वर्षांनी घरी आलं.

पुढची गोष्ट त्याच्या स्वभावाची किल्ली आहे. वडिलांवर एब्राहम विल्सन नावाच्या माणसाचं ३६ डॉलरचं देणं होतं. ते फेडायला डेव्हिडने त्याच्याकडे सहा महिने मजुरी केली. मग जॉन केनेडी या क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) शेतकऱ्याकडे गेला, तर त्याच्याकडेही वडिलांची ४० डॉलरची चिठ्ठी निघाली! ती फेडण्यात आणखी सहा महिने गेले. ती चिठ्ठी घेऊन तो घरी आला तेव्हा वडिलांना वाटलं, केनेडीने वसुलीलाच पाठवलंय. ते म्हणाले, पैसे नाहीत. पोराने सांगितलं की देणं फिटलंय, हा कागद तुमचा. म्हातारा रडला.

त्यानंतर त्याने केनेडीच्या मुलाकडे सहाएक महिने शिक्षण घेतलं: आठवड्यातले चार दिवस शाळा आणि तिच्या मोबदल्यात दोन दिवस काम. आयुष्यभराचं औपचारिक शिक्षण एवढंच.

मग शेती स्वतःची होती का?

नाही. १८०६ साली पॉली फिनलीशी लग्न झालं तेव्हा सासरकडून दोन दुभत्या गाई वासरांसह मिळाल्या आणि केनेडीने दुकानातून १५ डॉलरचा माल उचलायची सोय करून दिली. जमीन खंडाने घेतली. कुळाचं गणित जगात सगळीकडे सारखंच असतं: खंड ठरलेला, पीक बेभरवशाचं आणि वर्षअखेर हातात शून्य. १८११ साली बिऱ्हाड लिंकन काउंटीत हललं, १८१३ साली फ्रँकलिन काउंटीत, १८१७ साली लॉरेन्स काउंटीत आणि १८२२ साली पश्चिमेला ओबियन नदीच्या खोऱ्यात. बहुतेक वेळा पश्चिमेकडेच, कारण जमीन तिकडे स्वस्त आणि मोकळी होती. काउंटी म्हणजे साधारण आपल्या तालुक्या-जिल्ह्याच्या दरम्यानचा विभाग.

मिलिशिया म्हणजे सैन्यच ना?

नाही, आणि इथे गोंधळ झाला की पुढचं सगळं चुकतं. सैन्य पगारी आणि कायमचं. मिलिशिया म्हणजे गावकऱ्यांचीच फौज: वर्षातले थोडे दिवस मैदानात जमून हजेरी आणि कवायत, बाकीचे दिवस नांगर. १७९२ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे १८ ते ४५ वयाच्या प्रत्येक धडधाकट, स्वतंत्र, गोऱ्या नागरिकाचं नाव तिच्या यादीत असे.

हत्यार सरकार देत नसे, ज्याचं त्याने आणायचं. मस्केट (गुळगुळीत नळीची लांब बंदूक) असेल तर संगीन, पट्टा, दोन जादा गारगोट्या, पाठपिशवी आणि किमान २४ काडतुसं मावतील अशी पेटी, काडतुसांसकट. रायफल असेल तर पाठपिशवी, गोळ्यांची पिशवी, दारूचं शिंग, रायफलच्या नळीत बसतील अशा २० गोळ्या आणि पाव पौंड बंदुकीची दारू. ‘नळीत बसतील अशा’ हे कायद्यात मुद्दाम लिहिलंय. प्रत्येकाची बंदूक वेगळ्या लोहाराने घडवलेली, त्यामुळे शेजाऱ्याची गोळी आपल्या नळीत जाईलच असं नसे. एकाची संपली तर दुसऱ्याकडून उसनी घेता येत नसे.

रचना अशी: कंपनीत ६४ शिपाई, चार सार्जंट, चार कॉर्पोरल आणि वर कॅप्टन, पाच कंपन्यांची बटालियन, तिचा प्रमुख मेजर, दोन बटालियनची रेजिमेंट, तिचा प्रमुख लेफ्टनंट कर्नल. म्हणजे क्रॉकेट ‘लेफ्टनंट’ कर्नल होता तरी त्याच्यावर रेजिमेंटमध्ये दुसरं कोणी नव्हतं. लोक त्याला सरळ ‘कर्नल क्रॉकेट’ म्हणत, ते याच हिशेबाने.

युद्धात त्याने काय केलं?

३० ऑगस्ट १८१३ रोजी क्रीक या मूळनिवासी लोकांतल्या ‘रेड स्टिक’ गटाने आजच्या अलाबामातला फोर्ट मिम्स उद्ध्वस्त केला. पॉलीचा विरोध असतानाही क्रॉकेटने २४ सप्टेंबरला ९० दिवसांसाठी घोडेस्वार रायफलधारी स्वयंसेवकांत नाव घातलं. काम टेहळणीचं आणि शिकार करून पोटाची सोय करण्याचं. ३ नोव्हेंबरला टॅलुशॅची गावावर जॉन कॉफीच्या तुकडीने हल्ला केला. माणसं आत असलेलं एक घर पेटवून दिलं गेलं. दुसऱ्या दिवशी भुकेल्या सैनिकांना त्याच घराच्या तळघरात बटाटे सापडले. वर जळालेल्या माणसांच्या चरबीत ते शिजले होते. भूक इतकी की ते खाल्ले. क्रॉकेटने हे स्वतः लिहिलंय आणि त्यात फुशारकीचा सूर नाही.

भूक का होती? टेनेसी नदीच्या वरच्या भागात पाणी कमी, त्यामुळे धान्याच्या होड्या अडकल्या, आणि रसद पुरवणारे ठेकेदार वेळ पाळेनात. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या सेनापती अँड्र्यू जॅक्सनच्या त्या मोहिमेत शत्रूइतकाच त्रास रिकाम्या शिध्याने दिला.

सप्टेंबर १८१४ मध्ये तो सहा महिन्यांसाठी पुन्हा गेला, या वेळी सार्जंट म्हणून. फ्लोरिडातलं पेन्सकोला गाठेपर्यंत ते गाव जॅक्सनने घेतलेलं होतं. मोठा रणधुरंधर अशी त्याची नोंद कुठेच नाही.

मग कर्नल कसा झाला?

निवडणुकीने. टेनेसीच्या १७९६ च्या राज्यघटनेप्रमाणे मिलिशियाचे अधिकारी सेवेस पात्र असलेले लोकच मत देऊन निवडत. जॅक्सन स्वतः १८०२ साली मिलिशियाच्या अधिकाऱ्यांच्या मतांनी मेजर जनरल झाला होता. मतं समसमान पडली आणि राज्यपालाच्या मताने निकाल लागला. मिलिशियाचं पद ही राजकारणाची पहिली पायरी होती, कारण हजेरीच्या दिवशी सगळे मतदार एकाच मैदानात भेटत.

१८१५ साली फ्रँकलिन काउंटीत क्रॉकेट लेफ्टनंट म्हणून निवडून आला. कर्नलकीचा किस्सा १८१८ चा. लॉरेन्स काउंटीतल्या कॅप्टन मॅथ्यूजने त्याला गळ घातली: मी कर्नलच्या जागेला उभा राहतो, तू मेजरच्या जागेला राहा. मॅथ्यूजने मक्याची कणसं सोलायला सारा गाव बोलावला. खाणंपिणं, गर्दी. तिथे क्रॉकेटला कळलं की मेजरच्या जागेला मॅथ्यूजचा मुलगाच त्याच्याविरुद्ध उभा आहे. मॅथ्यूज म्हणाला, पोराला तुझ्याविरुद्ध लढायची फार भीती वाटतेय. क्रॉकेटने उत्तर दिलं: भ्यायचं कारण नाही, मी त्याच्याविरुद्ध लढत नाही, त्याच्या बापाविरुद्ध लढतो. आणि तो ५७ व्या रेजिमेंटचा लेफ्टनंट कर्नल म्हणून निवडून आला.

धड शाळा न शिकलेला माणूस न्यायनिवाडा कसा करत असे?

१८१७ साली तो जस्टिस ऑफ द पीस झाला. वसाहत इतकी नवी की सुरुवातीला सगळं तोंडी चाले: शिपायाला सांगायचं, अमक्याला धरून आण. पुढे वॉरंट लेखी काढावं लागेल असं ठरलं तेव्हा तो हडबडला, पण नेटाने लिहायला शिकला. कायद्याच्या पुस्तकाचं एकही पान वाचलं नव्हतं, निवाडे उपजत अकलेवर दिले, असं त्याने सांगून ठेवलंय.

त्याचं दिवाळं निघालं होतं का?

हो. १८१५ साली पॉली वारली. नंतर एलिझाबेथ पॅटन या दोन मुलांच्या विधवेशी त्याने लग्न केलं. तिच्याकडे थोडा पैसा होता आणि हिशेबाची पक्की नजर होती. शोल क्रीकच्या काठी त्यांनी तीन उद्योग उभे केले: पिठाची पाणचक्की, बंदुकीच्या दारूची गिरणी आणि पिण्याच्या दारूची भट्टी. खर्च ३,००० डॉलरहून जास्त, बराचसा कर्जाने. १८२१ च्या शरदात तो विधिमंडळाच्या अधिवेशनाला गेला असताना ओढ्याला पूर आला आणि दोन्ही गिरण्या वाहून गेल्या. भट्टी वाचली, पण दळलेलं धान्य नसेल तर ती पेटवायची कशावर?

पाणचक्कीची अडचण मुळातच आहे. धार जोरात हवी म्हणून ती ओढ्याला चिकटून, अरुंद जागी बांधतात, आणि पुराचा पहिला तडाखाही तिथेच बसतो. क्रॉकेटच्या घराण्यात हे दुसऱ्यांदा घडत होतं. एलिझाबेथने सांगितलं, आहे नाही ते विका आणि देणेकऱ्यांचे चुकते करा. त्याने तसंच केलं आणि पश्चिमेची वाट धरली.

ओबियनच्या काठी शेत कसं उभं केलं?

जागा निवडली ती नदीच्या रदरफर्ड फाट्यावर. शेजारी काही मैलांवर. आधी लाकडी ओंडक्यांची खोली, मग थोडी जमीन मोकळी करून मका. कुंपण घातलंच नाही, कारण आसपास कोणाची गुरंच नव्हती. मका पेरून, रान मारून मांसाचा साठा केला आणि मग बायकापोरांना आणायला गेला.

१८११-१२ च्या न्यू मॅड्रिड भूकंपांनी या भागात जमिनीला भेगा पाडल्या होत्या आणि वादळांनी झाडं आडवी केली होती. शेतीला वाईट, अस्वलांना उत्तम. १८२५-२६ च्या हंगामात आपण १०५ अस्वलं मारली असा त्याचा हिशेब आहे: आधी ५८, मग वसंतात ४७. मांस खारवून ठेवायचं, चरबी वितळवायची, कातडी विकायची. हा खेळ नव्हता, घरातला शिधा होता. एका डिसेंबरात बंदुकीची दारू संपली तेव्हा मेव्हण्याकडे ठेवलेलं पिंप आणायला तो फुगलेल्या, गोठत्या नदीतून आडव्या ओंडक्यांवरून गेला. घसरून पाण्यातही पडला. एलिझाबेथने आधीच बजावलं होतं की बुडून किंवा गारठून मराल.

नगदी पैशासाठी त्याने पिंपं बनवायच्या सुमारे ३०,००० लाकडी फळ्या तयार केल्या आणि दोन होड्यांतून मिसिसिपीने न्यू ऑर्लिन्सकडे निघाला. चूक अशी झाली की वाटाड्याला नदी ठाऊक नव्हती आणि घाबरून दोन्ही होड्या एकमेकींना बांधल्या. मग त्या इतक्या जड झाल्या की वळेनात, काठाला लागेनात. मेम्फिसच्या वर वाहत आलेल्या लाकडांच्या ढिगाऱ्यावर आडव्या आदळून बुडाल्या. क्रॉकेट आत झोपण्याच्या जागेत अडकला होता. लहानशा भोकातून ओढून काढताना अंगाची कातडी सोलवटली. माल गेला. मेम्फिसमध्ये मार्कस विंचेस्टर या व्यापाऱ्याने कपडे दिले, मदत केली. त्याच ओळखीने पुढच्या निवडणुकीला हातभार लागला.

प्रचार कसा करत असे?

थोडक्यात आणि दुसऱ्याच्या आधी लोकांना हसवून. १८२१ च्या पहिल्या भाषणात शब्द सुचेनात, तेव्हा त्याने रिकामं पिंप बडवणाऱ्या माणसाची गोष्ट सांगितली. तो म्हणतो, काही दिवसांपूर्वी यात सायडर होती, अजून आहे का बघतोय. तसं माझ्यातही आत्ता थोड्या वेळापूर्वी भाषण होतं, पण आता बाहेर पडत नाही. लोक हसले, तो म्हणाला घसा कोरडा पडलाय, आणि अर्धी सभा त्याच्यामागून दारूच्या टेबलाकडे गेली.

१८२३ साली समोर डॉ. बटलर, जॅक्सनच्या नात्यातला, पैसेवाला. क्रॉकेटने त्याला आपला बेत ऐकवला: कातडी अंगरख्याला मोठे खिसे लावणार, एकात दारूची बाटली, दुसऱ्यात तंबाखूची गुंडी. दारू प्यायची तर माणसाला तोंडातला तंबाखूचा बार थुंकावा लागतो. लगेच नवा बार द्यायचा, म्हणजे त्याचं काहीच नुकसान होत नाही. ग्रामीण मतदाराचा इतका बारीक विचार क्वचितच कोणी केला असेल.

काँग्रेससाठी १८२५ ला हरला, १८२७ आणि १८२९ ला जिंकला, १८३१ ला हरला, १८३३ ला दोनशेहून कमी मतांनी जिंकला, १८३५ ला ॲडम हंट्समनकडून थोडक्यात हरला.

काँग्रेसमध्ये त्याची मुख्य मागणी काय होती?

कसेल त्याची जमीन. आपल्याला परिचित असलेला हाच मुद्दा.

टेनेसीची जमीन आधी नॉर्थ कॅरोलायनाच्या ताब्यात होती. त्या राज्याने क्रांतियुद्धातल्या सैनिकांना जमिनीची वॉरंटं, म्हणजे जमिनीवर हक्क सांगणारे कागद, दिले होते. प्रदेश केंद्राकडे गेला तरी वॉरंटांचा हक्क कायम राहिला. जमीन मिळवण्याचे टप्पे असे: वॉरंट हाती असणं, त्यावर जागा निवडून नोंद करणं, मोजणी, आणि शेवटी मालकीची सनद. सैनिकांनी बहुतेक वॉरंटं कधीच सट्टेबाजांना विकून टाकली होती.

आता क्रॉकेटच्या शेजाऱ्याचा विचार करा. त्याने रान तोडलं, खोली बांधली, विहीर खणली, मका घेतला, पण हातात कागद नाही. वॉरंटवाला येतो आणि नेमकी तीच तयार जमीन निवडतो, कारण झाडं तोडायचे कष्ट वाचतात. दहा वर्षांची मेहनत एका नोंदीत जाते. सरकारी जमीन विकत घ्यायची तर १८२० पासून केंद्राचा किमान दर एकरी १.२५ डॉलर आणि किमान ८० एकर, म्हणजे १०० डॉलर रोख. क्रॉकेटने बापाचं ७६ डॉलरचं देणं फेडायला एक वर्ष राबून काढलं होतं. १०० डॉलर म्हणजे काय, हे त्या सभागृहात त्याच्याइतकं कोणाला कळणार?

जेम्स पोक आणि टेनेसीचे इतर सभासद म्हणत, उरलेली जमीन केंद्राने राज्याला द्यावी, राज्य ती विकून शाळा चालवेल. क्रॉकेटची हरकत: राज्य विकणार म्हणजे पैसेवाला घेणार, आणि त्या पैशाच्या शाळांत आमची पोरं पोचणारच नाहीत. जो कसतोय त्याला १६० एकरांपर्यंत जमीन थेट द्या. या हट्टापायी स्वतःच्याच राज्याचे सभासद दुरावले. त्याचं एकही विधेयक मंजूर झालं नाही. तडजोड त्याला जमत नसे, हा दोष मान्य करावाच लागतो. पोकशी जुळवून घेतलं असतं तर थोडंफार पदरात पडलं असतं.

जॅक्सनशी बिनसलं कशावरून?

जमिनीवरून सुरुवात झाली आणि १८३० च्या इंडियन रिमूव्हल कायद्याने गाठ तुटली. चेरोकी, क्रीक, चिकसॉ, चॉक्टॉ, सेमिनोल यांना मिसिसिपीपलीकडे हलवण्याचा हा कायदा २६ मे १८३० रोजी प्रतिनिधिगृहात १०२ विरुद्ध ९७ मतांनी मंजूर झाला. टेनेसीच्या सभासदांत विरोधी मत देणारा क्रॉकेट एकटाच. त्याचे आजी-आजोबा १७७७ साली क्रीक-चेरोकी हल्ल्यात मारले गेले होते आणि तो स्वतः क्रीकांशी लढला होता. त्याच्या मतदारसंघाला हा कायदा हवा होता. १८३१ ची हार त्यामुळेही झाली.

१८३० सालीच वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी बंद करावी असाही ठराव त्याने मांडला. त्याचं म्हणणं, तिथे श्रीमंतांची आणि वशिल्याची मुलं सरकारी पैशावर अधिकारी होतात. शिपायांच्या मतांनी निवडला गेलेला कर्नल याहून वेगळं काय बोलणार?

त्याच्याकडे गुलाम होते का?

होते, थोडे. गरिबांच्या बाजूने बोलणाऱ्या क्रॉकेटच्या ‘गरिबां’त काळे लोक नव्हते, हे लपवून त्याचं चरित्र सांगू नये.

रकूनच्या कातड्याची टोपी खरी का?

तिची प्रसिद्धी १८३१ च्या एका नाटकातून आली. त्यातला रानवट काँग्रेसवाला क्रॉकेटवर बेतला होता. १९५४-५५ च्या दूरचित्रवाणी मालिकेने ती घराघरांत नेली. हयातीत काढलेल्या बहुतेक चित्रांत तो कोट आणि उंच कॉलरमध्ये आहे.

त्याच्या आत्मचरित्रावर किती भरवसा ठेवावा?

ते १८३४ साली निघालं, लेखनाला केंटकीचा सभासद थॉमस चिल्टन याची मदत होती, आणि पुढची निवडणूक डोळ्यांसमोर होती. बालपण, कर्ज, शिकार, प्रचार यांसाठी ते अमोल आहे. युद्धाच्या प्रकरणांत जपून. जानेवारी १८१४ च्या लढायांत आपण होतो असं तो सांगतो. नोंदींप्रमाणे २४ डिसेंबर १८१३ लाच त्याची सुट्टी झाली होती. स्वयंसेवक जॅक्सनला न जुमानता निघून गेले, हेही उलट आहे; जॅक्सनने त्यांना अडवलं होतं. १८३४ साली जॅक्सनला कमी दाखवणं मतांच्या दृष्टीने उपयोगाचं होतं.

टेक्सासला तो लढायला गेला का?

जमीन पाहायला गेला. टेक्सास तेव्हा मेक्सिकोचा भाग होता आणि तिथे मेक्सिकोविरुद्ध बंड चाललं होतं. १ नोव्हेंबर १८३५ ला तो तिघा सोबत्यांबरोबर निघाला. ९ जानेवारी १८३६ चं मुलीला लिहिलेलं पत्र वाचा: टेक्सासची माती, लाकूड, पाणी, गिरणीसाठी जागा यांचं वर्णन करताना तो हरखून गेलाय. तीन चक्क्यांची वाताहत पाहूनही त्याची नजर अजून ओढ्याच्या धारेवरच! सहा महिन्यांसाठी स्वयंसेवक झालं की जमीन मिळणार होती आणि राज्यघटना बनवणाऱ्या सभेवर निवडून येण्याची आशा होती. शपथेच्या मजकुरात ‘सरकार’ या शब्दाआधी ‘प्रजासत्ताक’ हा शब्द घालायला लावून मगच त्याने सही केली.

फेब्रुवारीत तो सॅन अँटोनियोला पोचला. २३ फेब्रुवारीला सांता ॲनाच्या मेक्सिकन फौजेने अलामोला वेढा घातला आणि तेराव्या दिवशी पहाटे सगळं संपलं. त्याच्या मृत्यूचे दोन वृत्तांत आहेत. वाचलेल्या सुसाना डिकिन्सन यांनी त्याचं प्रेत चर्च आणि बराकीच्या मध्ये पाहिलं. मेक्सिकन अधिकारी होसे एनरिके दे ला पेन्या याच्या नावावरच्या लिखाणात तो पकडला जाऊन मारला गेला असं आहे. तो लढता लढता मेला की कैदेत, यावर लोक आजही हमरीतुमरीवर येतात. त्याच्या जगण्याबद्दल मात्र त्याने काही ठरत नाही.

त्याच्या कुटुंबाला शेवटी जमीन मिळाली का?

त्याचा मुलगा जॉन वेस्ली १८३७ ते १८४१ त्याच मतदारसंघातून काँग्रेसमध्ये होता. बापाच्या जमीन विधेयकाचं बदललेलं रूप त्याने १८४१ साली मंजूर करून घेतलं.

एलिझाबेथ १८५४ साली, नवऱ्याच्या सेवेबद्दलच्या जमिनीवर राहायला टेक्सासला आली. १८६० साली ती वारली. ॲक्टनच्या दफनभूमीतली तिची कबर हे राज्याचं सर्वांत छोटं ऐतिहासिक स्थळ म्हणून नोंदलेलं आहे: क्षेत्रफळ ०.०१ एकर, म्हणजे जेमतेम ४३५ चौरस फूट.